नासलेली बाटली आणि गिऱ्हाइकाची भीड

सकाळीं घेतलेलें दूध तापवितांना फाटलें, तर घरची गृहिणी दुसऱ्या दिवशीं दूधवाल्याला दारांतच थांबविते आणि त्या दुधाचे पैसे वळते करून घेते. नवी विजेची इस्त्री चार दिवसांत बंद पडली, तर कर्ता पुरुष पावती शोधून काढतो आणि दुकानाची पायरी चढतो. शिंप्यानें सदरा आखूड शिवला, तर तो पुन्हा उसवून घेण्यांत कोणालाहि संकोच वाटत नाहीं. मात्र त्याच घरांतील एखाद्या गृहस्थानें परवान्याच्या दुकानांतून बिअरची बाटली आणली, ती उघडली, आणि आंतलें पेय आंबट, गढूळ किंवा घाण वासाचें निघालें, तर बहुधा तें मुकाट्यानें मोरींत ओतलें जातें. बाटली केराच्या टोपलींत पडते आणि दुकानदाराला त्याची वार्ताहि पोंचत नाहीं. वास्तविक पैसे गेलेले असतात, माल वाईट असतो. दुधाच्या आणि बिअरच्या गोष्टींत फरक असतो तो केवळ भिडेचा. "असली वस्तु आणलीच कशाला?" हा प्रश्न दुकानदार विचारीत नाहीं, शेजारी विचारीत नाहीं. गिऱ्हाईक स्वतःच स्वतःला विचारतें आणि गप्प बसतें.

मद्यपान चांगलें कीं वाईट, हा प्रश्न निराळा आहे आणि त्यावर प्रत्येक घराचें मत ठरलेलें असतें. येथें तो वाद नाहीं. जी वस्तु उघडपणें विकली जाते, जिच्या विक्रीला सरकार परवाना देतें आणि जिच्यावर कर घेतें, ती वस्तु सदोष निघाली तर परत करावी काय, आणि ती परत घेणें हें दुकानदाराचें सौजन्य कीं कर्तव्य, एवढाच येथील प्रश्न आहे. तो वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु इंग्लंडांत एके काळीं पिणाऱ्याकडे पाहण्याच्या याच दृष्टीमुळें हजारों माणसांच्या दुखण्याचें खरें कारण महिनोन् महिने लपून राहिलें होतें. ती हकीकत आधीं पाहणें इष्ट होईल.

इ. स. १९०० सालची गोष्ट. इंग्लंडच्या वायव्य भागांतील मँचेस्टर आणि सॅलफर्ड या गिरण्यांच्या शहरांत एक चमत्कारिक दुखणें पसरूं लागलें. हातापायांना मुंग्या येत, तळवे भाजल्यासारखे होत, पाय इतके हुळहुळे होत कीं रोग्याला उभें राहवत नसे. पुढें स्नायू लुळे पडत. कित्येकांची कातडी काळवंडली. रोगी बहुतेक गरीब कामकरी वर्गांतले आणि बिअर पिणारे होते. डॉक्टरांनीं निदान केलें कीं हा अति मद्यपानाचा परिणाम. मद्यानें मज्जातंतूंचा दाह होतो, तोच हा. निदान अगदीं पटण्यासारखें होतें. रोगी पीत होता, रोग पिणाऱ्यांचा होता, आणि दोष पिणाऱ्याचा होता. आपण पितों त्या बिअरमध्येंच कांहीं बिघाड असेल, असें एखाद्या रोग्यानें म्हटलें असतें, तरी त्याचें म्हणणें ऐकणार कोण?

मँचेस्टरच्या एका रुग्णालयांत अर्नेस्ट रेनॉल्ड्स या नांवाचे डॉक्टर होते. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. पहिली ही कीं, व्हिस्कीसारखीं कडक मद्यें पिणाऱ्यांच्या पोटांत मद्यार्क अधिक जातो. तरी हें दुखणें त्यांना न होतां बिअर पिणाऱ्यांनाच होत होतें. दोष मद्यार्काचा असता, तर हा भेद दिसला नसता. दुसरी गोष्ट ही कीं, याच सुमारास नागिणीचे रोगी फार येऊं लागले होते; आणि औषध म्हणून सोमल दिलेल्या माणसांना नागीण उठते, हें वैद्यकाला आधींपासून ठाऊक होतें. तेव्हां त्यांनीं रोग्याचा स्वभाव तपासण्याचें सोडून बिअर तपासली. नोव्हेंबर १९०० मध्यें तिच्यांत सोमल सांपडला.

तो तेथें आला कसा, याचा माग काढतां काढतां लोक एका आम्लाच्या कारखान्यापर्यंत पोंचले. स्वस्त बिअर बनवितांना मोड आणून वाळविलेल्या जवांच्या जोडीला एक प्रकारची तयार साखर घालीत. ही साखर गंधकाम्लाच्या साहाय्यानें करीत. तें गंधकाम्ल ज्या खनिजापासून काढलें होतें, त्यांत सोमलाचा अंश होता, आणि आम्ल शुद्ध न करतांच साखरेच्या कारखान्याला गेलें होतें. आम्लांतून साखरेंत, साखरेंतून बिअरमध्यें आणि बिअरमधून माणसाच्या शरीरांत असा हा विषाचा प्रवास होता. सहा हजारांहून अधिक माणसें आजारी पडलीं आणि निदान ७० तरी दगावलीं. लॉर्ड केल्व्हिन या थोर शास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखालीं १९०१ सालीं सरकारी आयोग नेमला गेला. खाण्यापिण्याच्या पदार्थांत सोमलाचा अंश किती असेल तर माल त्याज्य मानावा, याची मर्यादा त्या आयोगानें १९०३ सालच्या अहवालांत सुचविली.

विषाचा उगम सांपडला, तेव्हां दुसरा प्रश्न उभा राहिला : या नुकसानीची भरपाई कोणी करावयाची? माल परत करणें या साध्या गोष्टीचा खरा अर्थ येथें उघड होतो. रेन नांवाच्या एका गिऱ्हाइकानें, ज्या गुत्त्यांत तो बिअर पीत असे त्या गुत्त्याचा चालक होल्ट याच्यावर दावा लावला. त्या गुत्त्यांत होल्डन या एकाच कारखान्याची बिअर मिळे आणि हें रेनला माहीत होतें. गुत्तेवाल्याची बाजू वरवर पाहतां बळकट होती. बिअर त्यानें बनविली नव्हती. तिच्यांत सोमल आहे हें त्याला ठाऊक नव्हतें. आणि गिऱ्हाईकहि होल्टच्या पारखीवर विसंबून नव्हे, तर होल्डनची बिअर हवी म्हणून येत होतें. तरीहि १९०३ सालीं अपील कोर्टानें गिऱ्हाइकाच्या बाजूनें निकाल दिला. ज्या जातीचा माल विकण्याचा एखाद्याचा धंदा आहे, तो माल त्या नांवानें बाजारांत खपण्याच्या लायकीचा असला पाहिजे, ही अट विक्रीच्या करारांत न लिहितांहि असते. जो दोष पाहणी करूनहि दिसला नसता, त्याचें खापर गिऱ्हाइकाच्या माथीं फोडतां येत नाहीं.

मग गुत्तेवाल्यानें कोठें जावयाचें? ज्यानें त्याला माल दिला त्याच्याकडे. आणि त्यानें? आपल्याला साखर देणाराकडे. ही केवळ कल्पना नव्हे. होल्डन यांनीं बॉस्टॉक या साखरवाल्यांवर दावा केला आणि १९०२ सालीं वाया गेलेल्या बिअरची भरपाई मिळविली. बॉस्टॉक यांनीं निकल्सन या आम्लवाल्यांना कोर्टांत खेंचलें. १९०४ सालीं त्यांना आम्लाची किंमत मिळाली आणि त्यापायीं फुकट गेलेल्या आपल्या मालाची किंमतहि मिळाली. परंतु बिअरवाल्यांना द्यावी लागलेली नुकसानभरपाई मात्र मिळाली नाहीं. कारण, तें आम्ल खाण्याच्या वस्तूसाठीं हवें आहे, हें त्यांनीं विकणाऱ्याला कळविलें नव्हतें. सालें मागेंपुढें असलीं, तरी पायऱ्या स्पष्ट दिसतात. गिऱ्हाइकाच्या हातांतला पेला परत निघाला, तो गुत्त्याच्या फळीवर थांबला नाहीं. तो हातोहात थेट आम्लाच्या कारखान्याच्या दारापर्यंत गेला. मात्र त्या प्रवासाची पहिली पायरी गिऱ्हाइकाचीच असते. त्यानें पेला परत केला नाहीं, तर पुढच्या कोणालाहि आपला माल तपासण्याचें कारण उरत नाहीं.

या साखळींत एक दुवा मात्र कच्चा होता. पैसे एकानें दिले आणि पेय दुसऱ्यानें घेतलें, तर त्या दुसऱ्यानें कोणाकडे दाद मागावी? स्कॉटलंडांतील पेझली गांवीं ऑगस्ट १९२८ मध्यें श्रीमती डोनह्यू नांवाच्या बाईंना त्यांच्या मैत्रिणीनें जिंजर बिअरची, म्हणजे आल्याच्या फेंसाळ पेयाची, बाटली घेऊन दिली. बाटली गडद कांचेची होती. थोडें पेय घेतल्यावर उरलेलें ओतलें, तेव्हां त्यांतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असें त्यांचें म्हणणें होतें. दुकानदाराशीं त्यांचा व्यवहार झालेला नव्हता. म्हणून त्यांनीं पेय बनविणाऱ्या स्टीव्हन्सन यांच्यावर दावा केला. १९३२ सालीं ब्रिटनच्या उमरावांच्या सभेनें तीन विरुद्ध दोन मतांनीं ठरविलें कीं, मधल्या कोणालाहि तपासतां येऊं नये अशा स्वरूपांत जो आपला माल बाजारांत पाठवितो, त्याच्यावर तो माल शेवटीं वापरणाऱ्याची काळजी घेण्याचें कर्तव्य असतें. गोगलगाय खरोखर होती कीं नाहीं, हें पुढें कधींच सिद्ध करावें लागलें नाहीं. कारण प्रकरण आपसांत मिटलें. पण तत्त्व मात्र जगभर मान्य झालें.

या इंग्रजी निवाड्यांचा येथील गिऱ्हाइकाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. इंग्लंडांतील मालविक्रीचा कायदा १८९३ सालचा. त्याच धर्तीवर केलेला मालविक्रीचा कायदा हिंदुस्थानांत १ जुलै १९३० पासून अंमलांत आला आणि तो आजहि चालू आहे. त्याच्या १६ व्या कलमांत तीच न लिहिलेली अट लिहून ठेविली आहे. गिऱ्हाइकानें माल तपासून घेतला असेल, तर तपासणींत जो दोष दिसावयास हवा होता, त्याबद्दल मागाहून तक्रार चालत नाहीं. परंतु टोपण घट्ट बसविलेल्या बाटलींतलें पेय दुकानांत चाखून पाहतां येत नाहीं. म्हणून बंद बाटलीच्या बाबतींत विकणाऱ्याची जबाबदारी हलकी न होतां उलट जड होते.

यापुढचें पाऊल ग्राहकांच्या चळवळीनें टाकलें. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालीं स्थापन झाली आणि अशा संस्थांनीं मध्यमवर्गीय घरांना हक्कानें बोलावयास शिकविलें. २४ डिसेंबर १९८६ रोजीं ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमति मिळाली; हा दिवस देशांत ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याप्रमाणें, सदोष माल परत घेऊन त्याचे पैसे देण्याचें पावतींत लिहिलेल्या मुदतींत नाकारणें, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत नाकारणें, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावती न देणें हीहि तशीच प्रथा होय. तेव्हां "एकदां विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं" अशी पाटी दुकानांत कितीहि ठळक अक्षरांत लावलेली असली, तरी नासलेल्या मालापुढें ती पाटी निरुपयोगी आहे. शिवाय, विकत घेणाऱ्याच्या संमतीनें जो वस्तु वापरतो, तोहि या कायद्याच्या दृष्टीनें ग्राहकच. म्हणजे पाहुण्याच्या पेल्यांत नासकें पेय गेलें, तर त्याचीहि बाजू उघडी पडत नाहीं.

आतां दुसरी बाजू. हक्क आहे म्हणून प्रत्येक तक्रार खरी असते असें नाहीं. आणि खरी तक्रार करावयाची तर दोष ओळखतां आला पाहिजे. बिअर ही मोड आणलेले जव, हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें, पाणी आणि किण्व यांपासून होते. किण्व हे सूक्ष्म जीव जवांतील साखरेचें मद्यार्कांत रूपांतर करतात. त्यांच्या जागीं दुसरे जंतु शिरले, तर दूध नासावें तशी बिअर आंबते व गढूळ होते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर १८७१ सालीं लंडनच्या व्हिटब्रेड या प्रसिद्ध कारखान्यांत गेले असतां त्यांनीं तेथील किण्व सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें आणि त्यांत परके जंतु असल्याचें दाखविलें. १८७६ सालीं त्यांनीं बिअरवर मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. बाटलींतलें पेय सुमारें ६० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून जंतु मारण्याची रीत त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. ती आज आपल्याला दुधाच्या पिशवीमुळें अधिक परिचित आहे.

कारखान्यांतून चांगली निघालेली बिअरहि पुढें बिघडूं शकते. उजेड लागला कीं हॉपमधील कडू द्रव्यें पालटतात आणि एक उग्र दर्प येतो. अमेरिकेंत त्याला स्कंक नांवाच्या दुर्गंधी प्राण्याची उपमा देतात. तपकिरी कांच उजेडाला पुष्कळ अडविते, हिरवी कमी आणि पांढरी त्याहून कमी. उष्णतेनें व आंत राहिलेल्या हवेनें भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव येते. टोपण सैल असलें, तर फेंस उडून जातो. म्हणजे वैशाखांतल्या उन्हांत दुकानाच्या कांचेच्या कपाटांत मांडून ठेवलेल्या बाटलीचा दोष कारखान्याचा नसून दुकानदाराचा असूं शकतो. आणि तीच बाटली घरीं नेतांना गाडींत चार तास तापत ठेवली असेल, तर दोष गिऱ्हाइकाचा असतो. तें त्यानें मनाशीं कबूल करावें आणि दुकानाची पायरी चढूं नये.

तसेंच, जें अपरिचित तें सगळें सदोष नव्हे. गव्हाची बिअर मुळांतच धुरकट असते. बाटलींतच आंबवलेल्या कांहीं प्रकारांत तळाशीं किण्वाचा गाळ बसतो, तो स्वाभाविक आहे. बेल्जममधील लँबिक ही बिअर आंबट असते आणि ती तशीच असावी अशी अपेक्षा असते. चव आवडली नाहीं, ही तक्रार नव्हे. आणि सहा बाटल्या संपवून सातवीच्या वेळीं सगळ्या वाईट होत्या असें सांगणें, हें तर दुकानदाराला फसविणें होय. दुकानदार खऱ्या गिऱ्हाइकावरहि अविश्वास दाखवितो, याचें कारण पुष्कळदां असले खोटे गिऱ्हाईकच असतात.

खरा दोष असेल, तर करावयाचें थोडेंच आहे. पहिल्या घोंटांत संशय येतांच पेला खालीं ठेवावा. बाटली ओतून टाकूं नये. टोपण पुन्हा बसवून ती उभी ठेवावी. आंत कांहीं तरंगत असेल, तर तें काढूं नये. चिठ्ठीवरील बनविल्याची तारीख आणि घाणीचा, म्हणजे एका वेळीं बनविलेल्या मालाचा, क्रमांक पाहून ठेवावा. त्याच घाणीच्या न उघडलेल्या बाटल्या घरांत असतील, तर त्याहि बरोबर न्याव्यात. पावती घ्यावी आणि शक्य तर दुसऱ्याच दिवशीं जावें. दिवस उलटूं दिले, कीं दोष मुळांत होता कीं घरीं आला, हें सांगणें अवघड होतें.

दुकानांत बहुधा असा संवाद होतो. "साहेब, टोपण तर कंपनीचें आहे, त्यांत माझा काय दोष?" असें दुकानदार म्हणतो. त्याला शांतपणें सांगावें, "शेठ, दोष तुमचा आहे असें माझें म्हणणें नाहीं. माल तुमच्याकडून घेतला, म्हणून तुमच्याकडे आणला. तुम्ही तो ज्याच्याकडून घेतला, त्याच्याकडे पोंचवा." या दोन वाक्यांत मालविक्रीच्या कायद्याचें सार आलें. येथें आवाज चढविण्याची गरज नसते, तशीच ओशाळण्याचीहि नसते. समजूतदार दुकानदार बाटली बदलून देतो आणि सदोष बाटली कंपनीच्या माणसाला दाखविण्यासाठीं बाजूला ठेवतो. कारण एका बाटलीच्या किमतींत कायमचें गिऱ्हाईक टिकत असेल, तर तो सौदा त्याच्याच फायद्याचा असतो. त्यानें नकारच दिला, तर तक्रार लेखी द्यावी. १९१५ या दूरध्वनीवर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य मिळतें; आणि त्यापुढें जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत दाद मागतां येते. एका बाटलीसाठीं कोणी तेथवर जाणार नाहीं हें खरें; पण तो रस्ता आहे हें दोघांनाहि ठाऊक असलें, म्हणजे बहुतेक प्रकरणें दुकानांतच मिटतात. बाटलींत विजातीय पदार्थ सांपडला किंवा पेय पिऊन कोणी आजारी पडलें, तर मात्र गोष्ट बदलून घेण्यावर थांबूं नये. मग डॉक्टरांना दाखवावें, बाटली जपून ठेवावी आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवावें.

मँचेस्टरच्या त्या कामकऱ्यांना आपल्या हातापायांची आग सांगतां येत होती. पण ते पिणारे होते, म्हणून ऐकणाऱ्यांनीं रोगाचें कारण त्यांच्या वर्तनांत शोधलें, पिंपांत शोधलें नाहीं. आज बाटली मोरींत ओतणारा गृहस्थ तोच निवाडा स्वतःविरुद्ध स्वतःच देत असतो. त्याच घाणीच्या आणखी कितीतरी बाटल्या त्याच दुकानांत, दुसऱ्या दुकानांत, कोणा अनोळखी माणसाच्या घरीं उभ्या असतात, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. माल वाईट असेल, तर गिऱ्हाईक कोण आणि वस्तु कोणती, हा विचार मागाहून करावा. मोरीकडे जाण्याआधीं टोपण पुन्हा लावावें आणि पावती शोधावी.